जुनी प्रणाली न मोडता नवी करून पाहताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, तीही अजून बाजारात रीतसर न आलेली, आणि तीही घरात चालू असलेल्या सिस्टीमच्या शेजारी बसवायची! हे काम इंजिनिअरांचे, आपल्या हिंगोली-वसमत-कळमनुरीच्या घरांत त्याचे काय, असे कोणाला वाटले तर ते साहजिक आहे. परंतु हा प्रश्न आपल्या घरात आधीच शिरलेला आहे. मुलगा किंवा मुलगी रात्री पेन ड्राइव्ह लावून काहीतरी करीत बसते आणि सकाळी वडील दुकानाचा हिशेब उघडायला जातात, तो पडद्यावर भलतेच काहीतरी! मग मुलावर ओरडा होतो, आणि 'हात लावायचा नाही' असा कायदा घरात लागू होतो. नुकसान दोघांचेही. वडिलांचा हिशेब जातो आणि मुलाचे शिकणे थांबते. ही दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शाळेचा मुख्य कारकून तुम्ही पाहिला आहे. तो शिकवीत नाही, परीक्षाही देत नाही. पण कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे, हजेरीपट त्याच्याकडे, कोणत्या वर्गाला कोणती खोली हे त्याला ठाऊक. तो एक दिवस आला नाही तर शाळा अडते. संगणकातली ही प्रणाली म्हणजे असाच कारकून. तुम्ही पत्र टाइप करता, फोटो पाहता, फॉर्म भरता. ते कुठे ठेवायचे, कोणाला किती जागा आणि किती वेळ द्यायचा, हे सारे तीच पाहते. विंडोज ही त्यांतली आपल्याकडची सर्वांत परिचित. दुसरी लिनक्स. तिचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला, आणि नंतर जगभरच्या हजारो लोकांनी ती वाढवली. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही तिचीच वेगवेगळी घराणी. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या आधारावर 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली, ती २००७ साली लोकांसमोर आली.

आता 'प्रिव्ह्यू' किंवा 'बीटा' हा काय प्रकार आहे? नवी प्रणाली रीतसर जाहीर करण्यापूर्वी तिचे कर्ते ती लोकांच्या हाती चाचणीसाठी देतात. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, पण तिची चाचणीची प्रत ऑक्टोबर २०१४ पासूनच कोणालाही घेता येत होती. विंडोज ११ ची चाचणीची प्रत २८ जून २०२१ रोजी निघाली आणि पक्की प्रत ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला येते, त्याच्या काही आठवडे आधी तिचा बीटा निघतो. डेबियनची रीत तर फार शिस्तीची. तिथे 'अस्थिर', 'चाचणीतील' आणि 'स्थिर' अशा तीन पायऱ्या कायमच्या बांधलेल्या आहेत, आणि खालची पायरी ओलांडल्याशिवाय कोणताही प्रोग्रॅम वर चढत नाही.

हे लोक अपुरा माल लोकांना का देतात, असा प्रश्न पडेल. कारण साधे आहे. कंपनी कितीही मोठी असली तरी जगातला प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक कीबोर्ड, प्रत्येक भाषा तिच्या कार्यालयात असू शकत नाही. आपल्या गावातला सेकंड हँड लॅपटॉप, त्यावर दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, आणि त्यातून निघणारा मराठी-उर्दू मिश्र अर्ज, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर कधीच येत नाही. ते आपणच दाखवावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पालकांना एक व्यवहाराची बाब सांगितली पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो चालतो, पण सुरक्षिततेच्या ज्या दुरुस्त्या दरमहा आपोआप येत होत्या त्या थांबतात. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने नोंदणी करून आणखी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय ठेवली. आणि विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. ही शेवटची अट जुन्या यंत्रांना अडते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत नवे यंत्र शोरूममधून येत नाही. ते पुण्या-हैदराबादच्या कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेले, दुरुस्त करून विकलेले असते. चांगले चालते, पण अट पुरी करीत नाही. अशा घरात पोराने लिनक्स बसवून पाहू का म्हणून विचारले तर तो खोडसाळपणा करतो आहे असे समजू नका. तो घराचे चाळीस-पन्नास हजार वाचवण्याची वाट शोधीत असण्याचाही संभव आहे.

एकाच यंत्रात दोन प्रणाली नांदू शकतात, याला पुरावा हवा असेल तर तमिळनाडूकडे पाहा. तिथल्या सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना राबवली. त्यांतल्या अनेक लॅपटॉपवर विंडोज आणि आपली भारतीय 'बॉस' अशा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी घालून दिलेल्या होत्या. यंत्र चालू केले की पडदा विचारणार, आज कोण? जे नाव निवडाल ते उघडेल. खेड्यापाड्यांतली मुले ते वापरीत होती. म्हणजे अवघड आहे ते वापरणे नव्हे. अवघड आहे ते पहिल्यांदा बसवणे.

बसवण्याविषयी बोलण्याआधी दोन सोप्या वाटा सांगतो, कारण उत्साही मुले त्या सोडून थेट अवघड वाटेला लागतात. पहिली वाट पेन ड्राइव्हची. लिनक्सच्या बहुतेक घराण्यांची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच यंत्र चालू करता येते. डिस्कला धक्का लागत नाही; पेन ड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू केले की जुने घर जसेच्या तसे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे सगळे इथेच कळते. दुसरी वाट आभासी यंत्राची. चालू विंडोजच्या आत एका खिडकीत दुसरा संगणक असल्याचा देखावा उभा करायचा आणि नवी प्रणाली त्या खिडकीत बसवायची. यात धोका जवळजवळ नाही, पण मेमरी भरपूर लागते. ४ जीबीच्या यंत्रावर दोन्ही रडत चालतात. माझे मत विचाराल तर आठवी-नववीच्या मुलांनी पेन ड्राइव्हवरच थांबावे. अकरावी-बारावीच्या पुढे, डिप्लोमाला किंवा बी.सी.ए.ला असलेल्यांनी शेजारी बसवण्याचा विचार करावा. आणि 'मुलांनी' म्हणताना लेकींनाही त्यात धरले आहे. घरात एकच यंत्र असले की ते भावाच्या टेबलावर असते, हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. या निमित्ताने तेही तपासून पाहा.

आता शेजारी बसवण्याचे काम. आपण शेतकरी भागातली माणसे. हळद आणि सोयाबीनच्या शिवारातल्या माणसाला वाटणी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. संगणकाची डिस्क म्हणजे एक शेत समजा. आज सगळे शेत एकट्या विंडोजच्या नावावर आहे. नव्या प्रणालीला त्यातला एक तुकडा तोडून द्यायचा आणि मध्ये बांध घालायचा. याला पार्टिशन म्हणतात. बांध नीट घातला तर दोन भाऊ पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदतात. बांध कोरला गेला तर काय होते तेही आपल्याला कोर्टकचेऱ्यांवरून माहीत आहे.

या वाटणीपूर्वी सातबारा जपून ठेवण्याचे काम आधी करायचे. म्हणजे यंत्रात जे जे आहे त्याची नक्कल दुसरीकडे काढायची. आपल्या घरच्या संगणकात काय काय असते याची जरा आठवण करा. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पावत्या, दुकानाचा हिशेब, निकाहाचे फोटो, हजच्या कागदांच्या प्रती. शिवाय आपला हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथली सरकारी भाषा उर्दू होती. त्यामुळे दादा-परदादांच्या काळचे जमिनीचे, इनामाचे, वक्फाचे उर्दू कागद अनेक घराण्यांत आहेत, आणि हल्ली मुलांनी त्यांचे स्कॅन काढून संगणकात ठेवलेले असतात. मूळ कागद वाळवीने खाल्ला असेल तर तो स्कॅन हाच शेवटचा पुरावा. तो एका डिस्कच्या भरवशावर ठेवणे बरे नव्हे, मग नवी प्रणाली बसवायची असो वा नसो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर नक्कल काढा, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. नक्कल काढली म्हणणारे पुष्कळ भेटतात, उघडून पाहिलेले फार थोडे.

त्यानंतर एक चावी शोधायची. नव्या विंडोज यंत्रांत बिटलॉकर नावाचे कुलूप पुष्कळदा मालकाच्या नकळत लागलेले असते. रोज ते आपोआप उघडते म्हणून कळत नाही. पण चालू होण्याच्या व्यवस्थेत फेरफार झाला की ते संशय घेते आणि ४८ अंकी चावी मागते. ती नसेल तर स्वतःच्याच कागदांपुढे आपण परके. म्हणून आधी ती चावी काढून कागदावर उतरवा आणि तो कागद घरातल्या लोखंडी कपाटात ठेवा. तसेच विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर यंत्र बंद केल्यावरही विंडोज पुरती झोपत नाही, डिस्कवर आपला हात ठेवून असते. अशा वेळी दुसऱ्या प्रणालीने त्या भागात काही लिहिले तर मजकूर बिघडतो.

नवी प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, ती पाच-सहा जीबीची असते. मोबाइलच्या नेटवर उतरवताना मध्येच तुटली तर फाइल पूर्ण दिसते पण आतून खराब असते. त्यासाठी तिच्या कर्त्यांनी दिलेली तपासणीची संख्या ताडून पाहावी, दोन मिनिटांचे काम आहे. कर्त्यांच्या स्वतःच्या ठिकाणावरूनच घ्यावी; मित्राच्या मित्राने दिलेली 'क्रॅक' प्रत घेऊ नये. ज्या पेन ड्राइव्हवर ती उतरवाल तो संपूर्ण पुसला जातो, तेव्हा बहिणीच्या प्रोजेक्टचा पेन ड्राइव्ह त्यासाठी उचलू नका.

आणि वीज! ही गोष्ट अमेरिकेतल्या पुस्तकांत लिहिलेली नसते. बांध सरकवण्याचे काम चालू असताना वीज गेली तर शेत अर्धे इकडे, अर्धे तिकडे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, टेबलावरचे यंत्र असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस असावा. वादळी पावसाच्या दिवशी हा उद्योग करूच नये.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाचे साधन आहे, त्यातून तिची जागा आकसून घेता येते. लिनक्ससाठी पंचवीस जीबी तरी लागतात, पन्नास असतील तर उत्तम. मोकळी केलेली जागा मोकळीच ठेवा, तिला नाव देऊ नका. मग पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करा. पुढे एक प्रश्न येतो, आणि सगळे नशीब त्या एका प्रश्नावर असते. प्रणाली विचारते, 'जुन्याच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू?' घाईत पुढे पुढे दाबत जाणाऱ्या बोटाने दुसरा पर्याय दाबला की सगळे शेत सपाट. इथे थांबा. मोठ्याने वाचा. इंग्रजी कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. विंडोजचीच चाचणीची प्रत विंडोजशेजारी बसवायची असेल तर तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: 'अपग्रेड' की 'कस्टम'. अपग्रेड म्हणजे जुन्याच्या जागी नवी; शेजारी हवी तर कस्टम घेऊन मोकळा तुकडा दाखवायचा. चुकून अपग्रेड झाले तर साधारण दहा दिवसांच्या आत परत जाण्याची सोय असते, त्यानंतर सगळे नव्याने बसवावे लागते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही नव्याने घालायच्या असतील तर विंडोज आधी आणि लिनक्स नंतर. उलटे केले तर विंडोज पुष्कळदा दरवाजावर आपलीच पाटी लावते आणि शेजाऱ्याचे नाव पुसते.

सारे नीट झाले की पुढच्या वेळी यंत्र चालू करताना निवडीची यादी दिसेल. आणि दुसऱ्या दिवशी घरात एक गंमत होण्याचा संभव आहे. विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे! दुपारचे दोन वाजले असताना पडद्यावर सकाळचे साडेआठ. नमाजाच्या वेळा दाखवणारा प्रोग्रॅम संगणकात असेल तर तो जुहरच्या वेळी भलतेच सांगेल. भूत वगैरे काही नाही. लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजते, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला एक आज्ञा देऊन 'तूही स्थानिक वेळ ठेव' असे सांगता येते. मुलांनो, भूगोलाच्या पुस्तकातले रेखावृत्त कशासाठी शिकायचे असे विचारता ना?

बरे, बसवली. आता काय करायचे? इथे बहुतेक मुले चुकतात. नवे रंग, नवी चित्रे पाहून दोन दिवसांत कंटाळतात. चाचणीची प्रत तमाशा पाहण्यासाठी दिलेली नसते, ती तपासण्यासाठी दिलेली असते. आणि तपासण्याच्या कामी आपल्याकडे जे आहे ते बंगलोर-सिअ‍ॅटलच्या पुष्कळ इंजिनिअरांकडे नाही. आपल्याला घरात बोलता-लिहिता येणाऱ्या दोन लिप्या आहेत, एक डावीकडून उजवीकडे जाणारी आणि एक उजवीकडून डावीकडे.

या दोन्ही लिप्यांना संगणकात यायला किती कष्ट पडले ते थोडे ऐका. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत येते, प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते. छापखान्याच्या खिळ्यांत ती बसेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिब लोक हाताने लिहीत आणि मग ती शिळाछापावर छापली जात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केले, त्यासाठी हजारो जोडाकृती एकेक करून लिहाव्या लागल्या. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज हा प्रोग्रॅम आला आणि उर्दू छपाई घराघरांत पोचली. पण ती इनपेजच्या आतच. बाहेर प्रणालीला उर्दू वाचताच येत नव्हती. विंडोजमध्ये नस्तालीक धाटणीचा उर्दू फाँट २०१२ च्या विंडोज ८ बरोबर आला. आयफोनवर तो २०१७ मध्ये आला, तोही उर्दू वापरणाऱ्यांनी मागणी लावून धरल्यानंतर. तोवर कोट्यवधी लोक आपली भाषा परक्या धाटणीत वाचीत होते.

मराठीची कहाणी याहून फार निराळी नाही. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट आला, तो र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवलेला. तरीही मराठीच्या खास खोडी पुढे पुष्कळ वर्षे छळत राहिल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजींना दक्षिणा, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना मजुरी. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरजच नाही, म्हणून हिंदी समोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो निसटतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ती प्रमाण म्हणून ठरवून दिली, पण अजूनही अनेक फाँट हिंदी वळणेच दाखवतात.

तर नव्या प्रणालीत पुढील गोष्टी करून पाहा. एक अर्ज मराठीत टाइप करा, त्यात 'दऱ्या', 'आचाऱ्यांना', 'ॲप', 'ज्येष्ठ' असे शब्द घाला, छापा, आणि कागदावर तसेच येतात का पाहा. पडद्यावर बरोबर आणि कागदावर तुटलेले, हे फार होते. मग उर्दूत एक ओळ लिहा आणि तिच्या मध्ये फोन नंबर, तारीख आणि एखादा मराठी शब्द घाला. अक्षरे उजवीकडून, आकडे डावीकडून. या गर्दीत विरामचिन्ह कुठल्या टोकाला जाते ते पाहा. तिसरी तपासणी सूक्ष्म आहे, पण सर्वांत उपयोगी. उर्दूतला 'काफ' आणि अरबीतला 'काफ', उर्दूतली 'ये' आणि अरबीतली 'ये', हे डोळ्याला सारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी वेगळे आहेत. एका कीबोर्डवर लिहिलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवर टाइप करून शोधले तर सापडत नाही. शाळेच्या नोंदीत मुलगा हजर, आणि संगणक म्हणतो असा कोणी नाही! प्रवेशाच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या यादीत हे घडले तर त्याची किंमत एका मुलाच्या वर्षाइतकी होते.

चूक सापडली की घरात बसून हळहळायचे नाही, कळवायचे. विंडोजच्या चाचणीच्या प्रतीत 'फीडबॅक हब' असते, उबुंटूची नोंद लाँचपॅडवर होते, डेबियनला तर ईमेल केला तरी चालतो. इंग्रजी साधे असले तरी चालते, पण मजकूर नेमका हवा. कोणती प्रणाली, कितव्या क्रमांकाची प्रत, मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. एका पत्रात एकच चूक. सोबत पडद्याचा फोटो जोडा, मात्र त्यात आधार क्रमांक, बँकेचे खाते, घरातल्या कोणाचे नाव दिसत नाही याची खात्री करून. 'उर्दू चालत नाही' असे लिहिलेले पत्र कोणी वाचीत नाही. 'या ओळीत पूर्णविराम चुकीच्या टोकाला जातो' असे लिहिलेले पत्र वाचले जाते. पक्की प्रत बाहेर पडल्यावर तीच चूक दुरुस्त व्हायला वर्षे लागू शकतात, बाहेर पडण्यापूर्वी ती काही आठवड्यांत होऊ शकते. चाचणीच्या प्रतीचे सगळे महत्त्व या फरकात आहे.

पालकांना दोन इशारे. चाचणीची विंडोज वापराविषयीची माहिती कंपनीकडे पाठवीत असते. ती अटच आहे. तेव्हा त्या बाजूला बँकेचे व्यवहार, दुकानाचा हिशेब करू नका. ते जुन्या, पक्क्या बाजूलाच. आणि या प्रतींना मुदत असते. मुदत संपली की ती प्रणाली आधी बजावते आणि मग चालेनाशी होते. म्हणून तिच्यावर कोणतेही एकुलते एक काम ठेवायचे नाही. वेळही पाहा. बोर्डाच्या परीक्षेचे दिवस, सीईटीचे फॉर्म, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत चालू असताना घरातल्या एकुलत्या एक यंत्राला हात लावू देऊ नका. मे महिन्याच्या सुट्टीत खुशाल लावू द्या.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, नको वाटली तर काढायची कशी. लिनक्स बसवल्यावर दरवाजावर 'ग्रब' नावाचा रखवालदार उभा राहतो, निवडीची यादी तोच दाखवतो. पण त्याचे सामान लिनक्सच्या तुकड्यात असते. विंडोजमधून तो तुकडा घाईने पुसला की रखवालदार दरवाजावर उभा, पण त्याची वही जळालेली. यंत्र चालू होत नाही आणि घरात पुन्हा आरडाओरडा. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. नव्या पद्धतीच्या यंत्रात आधी सेटिंगमध्ये जाऊन विंडोजचा स्वतःचा रखवालदार पहिल्या क्रमांकावर आणायचा. जुन्या यंत्रात विंडोजच्या डिस्कने दरवाजा आधी दुरुस्त करून घ्यायचा. दोनदा यंत्र बंद-चालू करून विंडोज सरळ उघडते याची खात्री झाली, की मगच तो तुकडा पुसायचा आणि जागा विंडोजला परत जोडायची. विंडोजची डिस्क किंवा दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह घरात नसेल तर तो पहिल्याच दिवशी, यंत्र धडधाकट असतानाच तयार करून ठेवा, कारण बंद पडलेल्या यंत्रावर तो तयार करता येत नाही.

कोणाला आपले यंत्र दाखवायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. पेन ड्राइव्हवरची चालती प्रत मी सोबत आणली आहे. खुदा हाफिज, जय हिंद, जय महाराष्ट्र.